राखुंडीचं पाणी

तेवीस वर्षं समुद्रात उतरणाऱ्या हर्षदा गिरकरला पाण्याखाली पहिली भीती वाटली ती सकाळी साडेदहा वाजता, जेमतेम नऊ मीटर खोल, काचेसारख्या स्वच्छ पाण्यात.

तोवर तिने काय काय पाहिलं नव्हतं? तारकर्लीला एकदा तुटलेल्या जाळ्यात तिचे दोन्ही पाय गुंतले होते. एका बुडालेल्या बार्जच्या पोटात तिची वाट चुकली होती आणि सिलिंडरमध्ये सहा मिनिटांची हवा उरली होती. त्या वेळी ती शांतपणे भिंत चाचपत बाहेर आली होती. तिच्या हाताखाली तयार झालेली माणसं हा प्रसंग नवशिक्यांना सांगायची. त्यामुळे राखुंडीच्या उपसागरात जे झालं ते तिला स्वतःलाच पटेना.

राखुंडी म्हणजे अंदमानच्या पूर्वेला दहा वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं बेट. नकाशावर त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. तिथली वाळू दात घासायच्या करड्या पुडीसारखी, म्हणून पहिल्यांदा गेलेल्या मालवणच्या पाणबुड्यांनी त्याला राखुंडी म्हटलं आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. बेट अर्ध्या तासात चालून संपेल एवढंच. पण त्याच्या दक्षिणेच्या उपसागरात तळातल्या भेगांमधून बुडबुडे निघायचे, हजारो, लाखो, आणि खालून वरपर्यंत चंदेरी पडदा हलत राहायचा. तो पडदा बघायला जगभरातून लोक येऊ लागले होते. हर्षदा आणि तिचा नवरा संदेश यांनीही आपल्या मालवणच्या स्कूबा केंद्रातर्फे फेब्रुवारीत सहा पाहुण्यांची सहल ठरवली होती. त्या सहलीची आखणी करायची म्हणून जानेवारीत दोघं आधी येऊन जागा बघत होती.

ती पडद्यापासून हातभर अंतरावर गुडघे टेकून बसली होती. वेळ किती ठेवायचा, पाहुण्यांना कुठे बसवायचं, याचा हिशेब मनात चालला होता. आणि एकाएकी आपल्यामागे कोणीतरी आहे असं तिला वाटलं. वळून पाहिलं. करडी वाळू, बाकी काही नाही. छाती धडधडायला लागली. श्वास घेत होती, पण घेतलेला श्वास पोटात उतरतच नव्हता. मनगटावरचा दिवा हिरवा होता. प्राणवायू पुरेसा होता. तरी आता आपण मरणार, ह्याच क्षणी मरणार, हे तिला इतक्या स्पष्टपणे कळलं की तिने विचार करायचं सोडून दिलं आणि पाय झाडत सरळ वर सुटली. सुटताना ती ओरडत होती. आपण शिकवलेल्या प्रत्येक माणसाला जे करू नको म्हणून बजावलं, तेच तिने केलं.

होडी हाकायला सायमन तिर्की नावाचा तांडेल होता. अंदमानचाच, रांचीकडून आलेल्या कुटुंबातला, बोलायला कमी. त्याने तिला काखेत धरून वर ओढलं. संदेश वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय झाला गो?"

"माका भीती वाटली," ती म्हणाली.

"तुका?"

त्या एका शब्दात चेष्टा नव्हती. नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिच्या पाठीवर सिलिंडर नव्हताच. सिलिंडरचे दिवस सरत चालले होते. तीन वर्षांपूर्वी बाजारात कल्ला आला होता. माशाच्या कल्ल्यासारखं काम करतो म्हणून त्याला सगळे कल्लाच म्हणत. शाळेच्या दप्तराएवढी पिशवी, वजन चार किलो, आत अतिशय पातळ पडद्याच्या हजारो घड्या. घडीच्या एका अंगाने पंप समुद्राचं पाणी खेळवायचा, दुसऱ्या अंगाला तुमचा श्वास. वायूचा नियम साधा असतो. जिथे तो जास्त तिथून जिथे कमी तिकडे तो जातो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पडद्यातून पिशवीत यायचा. तुम्ही सोडलेला कर्बवायू पडद्यातून समुद्रात निघून जायचा, कारण समुद्रात तो जवळजवळ नसतोच. बॅटरी असेपर्यंत खाली राहा. पहिल्या नमुन्यात कर्बवायू मोजणारा काटाही होता. पण वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या, निरनिराळ्या समुद्रांत, आणि तो काटा कधी हललाच नाही. मग दुसऱ्या नमुन्यात कंपनीने तो काढून टाकला. उपकरण आणखी हलकं झालं.

संदेशसाठी तर कल्ला हे वरदान होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी होडीत सिलिंडर चढवताना त्याच्या मणक्याची चकती सरकली होती. तेव्हापासून बावीस वर्षं तो होडीत बसून होता. बायको पाण्यात, हा वर दोरी धरून, घड्याळाकडे बघत. कल्ला आल्यावर डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं आणि गेल्या दिवाळीत तो मालवणच्या खडकांपाशी पहिल्यांदा खाली गेला. चार मीटर. वर आल्यावर संध्याकाळभर तो बोलत होता. पोपटमासा कसा कुडुम कुडुम करून खडक खातो, ते त्याने तिला सांगितलं. तिने ते हजारदा ऐकलं होतं, तरी ती ऐकत राहिली. राखुंडीचा पडदा दोघांनी मिळून बघायचा, हे तेव्हाच ठरलं होतं.

मालवणला परतल्यावर हर्षदाने झाल्या प्रकाराबद्दल कंपनीला कळवलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा एक तरुण अधिकारी संगणकाच्या पडद्यावर आला. फार आदराने बोलला. उपकरणाची नोंद तपासली आहे, प्राणवायू पूर्णवेळ उत्तम होता, दोष काही नाही. मग जरा थांबून त्याने तिचं वय विचारलं. एकोणपन्नास, ती म्हणाली. ह्या वयात असं होऊ शकतं, समुपदेशकाशी बोलून बघा, असं सुचवून त्याने नमस्कार केला. खोलीत दुसऱ्या खुर्चीवर संदेश बसला होता. त्यानेही हात जोडून नमस्कार केला.

आणि भीती तर तिच्याबरोबर घरी आली होती. तोंडावर पाणी घेतलं की छाती आवळायची. स्कूटरवर हेल्मेटची काच खाली केली की लगेच पुन्हा वर सारावी लागायची. जुना सिलिंडर लावून ती किल्ल्यामागच्या पाण्यात गेली, तेव्हा सगळं ठीक होतं. पण कल्ला तोंडाला लावायचा म्हटलं की हात वरच उचलेना. दोनदा प्रयत्न करून तिने तो पुन्हा पेटीत ठेवला, आणि कोणी पाहिलं नाही ना म्हणून आजूबाजूला बघितलं.

शेवटी तिने संदेशला सांगितलं, राखुंडी नको. पाहुण्यांना दुसऱ्या बेटावर नेऊ.

तो भांडी घासत होता. त्याने नळ बंद केला. बाकी गट गेले, परत आले, मग आपल्यालाच काय झालं, असं त्याने विचारलं. भीती वाटली, यापलीकडे तिच्याकडे काही नव्हतं.

"मी पाण्यात नको तुका," तो म्हणाला. "तां सरळ सांग."

पंचवीस वर्षांच्या संसारात तो तिला इतकं लागेल असं कधी बोलला नव्हता. समुद्र हा आपलाच आणि तो दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायला आपण नाखूश आहोत, असं याला वाटतंय, हे तिच्या ध्यानात आलं. आणि एक क्षणभर तिला स्वतःलाही शंका आली, की खरंच तसं तर नसेल?

सहलीला अकरा दिवस राहिले असताना मिरजेहून डॉ. कुमुदिनी सबनीसांचा फोन आला. पाहुण्यांपैकी त्या सगळ्यात वयस्कर, सदुसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या. आरोग्याच्या अर्जात काय लिहायचं ते विचारत होत्या. अर्ज भरून झाला आणि काय वाटलं कोण जाणे, हर्षदाने त्यांना सगळं सांगून टाकलं. नवऱ्याला, मैत्रिणीला जे धड सांगता आलं नाही, ते फोनवरच्या अनोळखी बाईला सांगितलं.

डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. श्वासाची भूक लागल्यासारखं झालं का? वर आल्यावर डोकं दुखलं का? आणि ताज्या हवेत ती भीती किती वेळात गेली?

हो, हो, आणि दोन मिनिटांत, ती म्हणाली.

"तुम्ही घाबरट नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही विष खाल्लंत."

मग त्यांनी समजावलं. आपण श्वास रोखून धरतो तेव्हा जीव घाबरा होतो, तो प्राणवायू संपला म्हणून नाही. आत साठलेला कर्बवायू वाढतो म्हणून. शरीराला प्राणवायू मोजायची सवय कमी, कर्बवायूवर मात्र ते सतत नजर ठेवून असतं. तो वाढला की मेंदूच्या अगदी खालच्या, जुन्या भागातून धोक्याची घंटा वाजते. काही रुग्णांच्या मेंदूतला भीतीचा भाग आजाराने नष्ट झालेला असतो. साप बघून त्यांना काही होत नाही, चाकू बघून काही होत नाही. पण त्यांना कर्बवायू मिसळलेली हवा हुंगायला दिली, तर तीही माणसं जीव खाऊन तोंडावरचा मुखवटा ओढतात. भीतीची ती घंटा धैर्याने थांबत नाही. ते धैर्याचं खातंच नव्हे.

"ते बुडबुडे कशाचे आहेत?" त्यांनी विचारलं.

उत्तर देतादेताच हर्षदाच्या ध्यानात आलं. ज्वालामुखीच्या भेगांतून येणारा वायू. उपसागरातलं सगळं पाणी त्याने भरलेलं, जणू बाटलीतला सोडा. तिथे कर्बवायू श्वासात कमी आणि पाण्यात जास्त होता. म्हणजे कल्ल्यातला पडदा उलटा चालत होता. समुद्र आपला कर्बवायू तिच्या छातीत ओतत होता, आणि प्राणवायूचा दिवा मात्र हिरवाच.

सिलिंडरवाल्यांना तिथे कधी त्रास झाला नाही, कारण ते आपली हवा वरून घेऊन जात. कल्ला लावून मात्र आजवर तीनच गट गेले होते. हर्षदाने तिन्ही केंद्रांना फोन केले. पहिल्या गटात एक मुलगी घाबरून वर सुटली होती. दुसऱ्यात दोघे. तिसऱ्या गटाचा मार्गदर्शक एकतीस वर्षांचा, अतिशय तयारीचा. त्याने अकरा मीटरवर स्वतःच्या हाताने मुखवटा उपटून काढला होता आणि तो परत आला नव्हता. प्रत्येक ठिकाणी कागदावर एकच कारण लिहिलं होतं. घबराट. आणि चौथा गट, चौदा माणसांचा, येत्या मंगळवारी जाणार होता.

तिने पुन्हा कंपनीला कळवलं. उत्तर तासाभरात आलं. आपल्या तर्काची नोंद घेतली आहे, मोजमाप जोडल्यास विचार करता येईल. बेटावरच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या कचेरीतल्या माणसानेही तेच म्हटलं. बाई, तुम्हाला भीती वाटली म्हणून मी बंदी कशी घालू?

मोजमाप कुठून आणायचं? डॉक्टरांनी मिरजेहून एक छोटी पेटी पाठवली. आत रुपयाएवढ्या चकत्या होत्या, जांभळ्या रंगाच्या. भूल देताना श्वासनळीवर बसवतात त्या. हवेत कर्बवायू असला की चकती पिवळी होते, नसला की पुन्हा जांभळी. कल्ल्यातून श्वास आत आणणाऱ्या नळीत ती बसवली तर मालवणच्या पाण्यात ती जांभळीच राहायला हवी. संदेशने स्वतः खाली जाऊन तपासलं. जांभळीच राहिली. राखुंडीला पिवळी झाली, तर तिचा फोटो पुरेसा होता.

पण ते बघायला कोणीतरी कल्ला लावून त्या पाण्यात बसायला हवं होतं.

संदेश म्हणाला, मी जातो. ती नको म्हणाली. तो नवशिका होता आणि तिला एका वेळचा अनुभव होता, एवढं कारण त्याला पटण्याजोगं होतं. खरं कारण तिने सांगितलं नाही. आपण त्या पाण्यात पुन्हा उतरलो नाही, तर कुठल्याच पाण्यात उतरणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

शनिवारी दुपारी बारा वाजता सायमनने राखुंडीच्या उपसागरात नांगर टाकला. ऊन लखलखीत होतं. हर्षदाच्या पाठीवर कल्ला, डाव्या कुशीला छोटा सिलिंडर, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक संदेशच्या हातात. ठरलं होतं ते असं: दोरी ताणलेली असेल तर सगळं ठीक, तीन झटके दिले तर ओढ. आणि काही झालं तरी तू वरच थांब.

ती पडद्याजवळ पोचली आणि हातभर अंतरावर बसली. नळीवरची चकती डोळ्यांसमोर होती, जांभळी. तिने कॅमेरा सुरू केला. एक मिनिट गेलं. दीड मिनिट. चकतीची कड मळकट झाली.

आता येणार, तिला माहीत होतं. हा फक्त वायू आहे, हे तिने मनात म्हणायला सुरुवात केली. चकती फिकट झाली. हा फक्त वायू आहे. छातीत पहिला ठोका पडला. मागे कोणी नाही, मागे वाळू आहे. चकती पिवळी झाली, पिकल्या लिंबासारखी पिवळी, आणि तिला वाटलं होतं की कळल्यावर भीती निम्मी होईल. एका तसूनेही कमी झाली नाही. तिला सगळं ठाऊक होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. तिच्या आतलं काहीतरी किंचाळत होतं आणि त्याला भाषा येत नव्हती. फोटो निघाला की नाही? तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कमरेला काहीतरी आवळतंय, आपल्याला बांधलंय, या एका जाणिवेने तिचे हात वेडेपिसे झाले आणि तिने पट्ट्याची कडी उघडून दोरी भिरकावून दिली.

मग तिने तोंडावरचा मुखवटा बाजूला सारला आणि सिलिंडरची नळी तोंडात कोंबली. एक श्वास. दुसरा. तिसरा. चौथ्या श्वासाला भीती गेली, पंख्याचं बटण बंद करावं तशी. ती वाळूवर बसून हुंदके देत होती आणि हातात पिवळी चकती होती.

आणि तिने वर पाहिलं. सैल पडलेली दोरी वर तरंगत चालली होती, आणि तिच्या बाजूने संदेश खाली येत होता. पाठीवर कल्ला लावून. दुसरा सिलिंडर उचलणं त्याच्या पाठीला जमलं नसतं, आणि दोरी हलकी झाली तेव्हा विचार करायला त्याच्याकडे वेळही नव्हता. त्याला फक्त एवढं दिसत होतं की बायको खाली बसली आहे आणि वर येत नाही. तो थेट पडद्यातून तिच्याकडे आला.

तिने हात हलवून त्याला मागे जायला सांगितलं. तो जवळच येत राहिला. वर नेण्यासाठी त्याने तिचा दंड धरला. तिने नळी काढून त्याच्या तोंडाशी नेली, त्याने मान हलवली. आपण ठीक आहोत असं त्याला वाटत होतं. त्याला ओढत ती पडद्यापासून लांब निघाली. सात-आठ हात गेली असेल, आणि काचेमागे त्याचे डोळे मोठे झाले.

ते डोळे तिने कधी पाहिले नव्हते. त्यांत ओळख नव्हती. त्याने तिला जोरात ढकललं. मग मुखवटा धरून उपटला आणि तोंडातून सगळी हवा निसटली. ती त्याच्या मागे गेली. त्याच्या पाठीला मिठी घातली, एका हाताने त्याचा जबडा धरला आणि आपली नळी त्याच्या दातांमध्ये घुसवून हवेचं बटण दाबून धरलं. तो तिला कोपराने मारत होता. तिच्या बरगडीत एक वार बसला, दुसरा कानावर. तिने सोडलं नाही, पाय मारत ती वर निघाली. तिच्या स्वतःच्या छातीत हवा नव्हती, आणि वरचा उजेड जवळ येतच नव्हता. नऊ मीटर. तेवीस वर्षांत इतकं लांब अंतर तिने कापलं नव्हतं.

सायमनने दोघांना वर घेतलं. संदेश होडीच्या तळाशी पालथा पडून पाणी ओकत होता. त्याच्या ओठांना रंग यायला पाच मिनिटं लागली. तो उठून बसला तेव्हा हर्षदाने त्याच्या खांद्याला हात लावला, आणि तो सरपटत मागे सरकला, होडीच्या कडेला पाठ लागेपर्यंत. मग त्याला भान आलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तू माका मारूक बघतंस, असा वाटला," तो म्हणाला.

फोटो तीनच निघाले होते, पण तेवढे पुरले. परवान्यांच्या कचेरीने त्याच संध्याकाळी उपसागर बंद केला आणि मंगळवारच्या चौदा माणसांची होडी बंदरातच थांबली. कंपनीने पुढच्या महिन्यात सगळे कल्ले परत मागवले. कर्बवायूचा काटा बसवून दिला. सोबत पत्र होतं, त्यात कोणाचं नाव नव्हतं. एकतीस वर्षांच्या त्या मार्गदर्शकाच्या कागदावरचं मृत्यूचं कारण मात्र बदललं गेलं, आणि त्याच्या आईने हर्षदाला फोन केला. आपला मुलगा घाबरून मेला, असं सगळे म्हणत होते, एवढंच ती बोलू शकली. पाहुण्यांची सहल दुसऱ्या एका बेटावर साधे सिलिंडर लावून झाली. सबनीस डॉक्टर सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरल्या.

पण संदेशचं तेवढ्यावर भागलं नाही. त्याला सगळं कळत होतं. कोणी विचारलं की वायू, पडदा, मेंदूतली घंटा, तो व्यवस्थित समजावून सांगायचा. आणि घरात हर्षदा मागून आली की त्याचे खांदे वर जायचे. एकदा तो पंप दुरुस्त करत बसला होता. तिने सवयीने पाठीवर हात ठेवला. तो ताडकन उठला, पाना हातात उगारून, आणि क्षणभर तेच डोळे तिच्याकडे बघत होते. मग पाना खाली आला. त्यानंतर ती खोलीत शिरण्याआधी काहीतरी बोलू लागली, भांडं वाजवू लागली, उगाच खोकू लागली. बाहेरच्या माणसाला काही वेगळं दिसलं नसतं.

त्या कोपराने मोडलेली तिची बरगडी एप्रिलपर्यंत सांधली. एका सकाळी जेटीवर ती सिलिंडर मोजत असताना संदेश समोर येऊन उभा राहिला. अंगात पाण्याचे कपडे, पाठीवर काटा बसवलेला कल्ला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"चार मीटर," तो म्हणाला. "तू फुडे रव. माका दिसत रव."

ती आधी उतरली, मग तो. खडकापासून खडकापर्यंत पाऊण तास हर्षदा त्याच्याकडे तोंड करून उलटी पोहत राहिली. मागे खडक आहे की जाळं आहे ते न बघता, त्याच्या काचेवरून नजर न हलवता. दोन्ही हात तिने मोकळे, त्याला दिसतील असे पुढे धरले होते. अर्ध्या वाटेवर त्याने आपला एक हात लांब केला. तो हात एकदा मागे गेला, आणि तरी तो तिच्यापर्यंत आला.